धाकटीची प्लेट

फोन वाजला तेव्हा चौकशीबाईंनी टेबलाखाली नुकतेच बूट काढून ठेवले होते. पाय सुजले होते, सोमवार होता, आणि सकाळपासून दोन मुलं त्यांच्यासमोर रडून गेली होती. फोन घेऊच नये असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. तरी घेतला.

"बाई, जीवशास्त्र विभागातून बोलतोय. जरा वर येता का? लगेच."

"का हो सर, काय जळलं?"

"जळलं काही नाही. एक प्लेट गेली."

"प्लेट? जेवणाची?"

"जीवाणूंची प्लेट, बाई. गेली की कधी नव्हतीच, तेच कळत नाही. मुलगी रडतेय. परदेशी आहे."

शेवटचं वाक्य ऐकून चौकशीबाईंनी पाय पुन्हा बुटात कोंबले.

त्यांचं खरं पद भलतंच लांबलचक होतं. दारावरच्या पाटीवर ते दोन ओळींत लिहिलेलं होतं आणि कॉलेजात ते कुणीही वाचत नसे. कॉपी असो, मारामारी असो, वसतिगृहातली चोरी असो, चौकशी यांच्याच गळ्यात. म्हणून चौकशीबाई. राजीनामा त्यांनी कितीदा तरी लिहिला होता आणि तितक्यांदा फाडला होता. एकुलती एक मुलगी दूरदेशी शिकत होती. ती दर रविवारी फोनवर सांगायची, "सगळं छान आहे, आई." चौकशीबाईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

लिफ्ट बंद होती. ती चालू असल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गुडघ्यांना शिव्या घालत बाई जिना चढल्या.

सर दारातच उभे होते. विभागाचे प्रमुख तेच, दोन्ही मुलींचे मार्गदर्शकही तेच. दाढी वाढलेली, एप्रनच्या खिशाला शाईचा डाग.

"परदेशातून आलेल्या आमच्याकडे दोघीच," ते म्हणाले. "पीएचडी करते ती मोठी, आणि पदवीला आहे ती धाकटी. सगळे तेच म्हणतात, मीही तेच म्हणतो. ही भानगड धाकटीची."

"मला कळेल असं सांगा हं. मी इतिहासवाली आहे."

"प्लेट म्हणजे झाकणाची उथळ डबी. आत मीडिया ओततो, म्हणजे जीवाणूंचं खाणं. ते गोठतं, त्यावर जीवाणू वाढतात. धाकटीने बागेतल्या मातीतून एक जीवाणू वेगळा काढला. त्याच्याभोवती दुसरा जंतू वाढेना. स्वच्छ रिकामं वर्तुळ पडलं. म्हणजे हा त्याला मारतो. असं वर्तुळ मिळावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं घासतात. शुक्रवारी तिने मला फोटो दाखवला. आज म्हटलं, प्लेट आण. तिने आणली. झाकणावर तिचं नाव, अक्षर तिचं, आणि वर्तुळाचा पत्ता नाही."

"फोटो आहे की."

"फोटो कुठूनही उचलता येतो. मागे एकाने उचलला होता, आमची छी थू झाली. तेव्हापासून नियम केलाय, मूळ प्लेट दाखवायची. धाकटी असो की मोठी, सगळ्यांना एकच."

"आणि नाही दाखवता आली तर?"

"चारला समिती बसतेय. खोटा निकाल म्हणून नोंद होईल. मग कॉलेज तिचं प्रवेशाचं पत्र काढून घेतं. पत्र गेलं की व्हिसा गेला. मुलगी घरी."

"तुम्हाला काय वाटतं?"

सरांनी डोळे चोळले. "मला काही वाटायला वेळ कुठाय, बाई? मोठीचं प्रकरणही आजच समितीपुढे आहे. निकाल दाखवायची तिची शेवटची मुदत संपतेय. दोघींच्या वतीने उत्तरं मीच द्यायची."

धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. एप्रनच्या बाह्या तिला इतक्या मोठ्या होत्या की हात दिसतच नव्हते.

"मी खोटं नाही बोलले, मॅडम."

"अगं, मी कुठे म्हटलं तसं? प्लेट शेवटची कधी पाहिलीस?"

"शनिवारी. वर्तुळ होतं. ताईलाही दाखवलं."

"ताई म्हणजे?"

"मोठी. तिने मला मिठी मारली."

"आणखी कोणाला दाखवलंस?"

"चष्म्याला. माझ्या शेजारी बसतो तो. तो म्हणाला, मजा आहे बुवा तुझी. पण तोंड उतरलं होतं त्याचं."

"आणि रविवारी?"

"रविवारी मी आले नाही. आईला फोन केला. म्हटलं, आई, आता मला इथून कुणी हलवत नाही." तिने बाहीने नाक पुसलं. "आज सकाळी पुन्हा केला."

"काय सांगितलंस?"

"सगळं छान आहे म्हटलं."

चौकशीबाईंना उगाच खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती.

"तू उशिरा आलीस ना इथे?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडे नोंद आहे तशी."

"व्हिसा लवकर मिळेना. सुरुवातीची सगळी प्रात्यक्षिकं बुडाली. सरांना वेळ नव्हता. मग ताईनेच सगळं शिकवलं, अगदी पहिल्या दिवसापासून."

इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे त्या ऊबदार कपाटात, प्लेटा उलट्या करून रचल्या होत्या. धाकटीची रास ओळखायला कष्ट पडले नाहीत. तिच्या प्रत्येक झाकणावर कागदाची चिकटपट्टी आणि पट्टीवर बारीक, गोल अक्षर. बाकीच्यांनी प्लेटांवर मार्करने फराटे ओढले होते. चौकशीबाईंनी धाकटीच्या दोन-तीन प्लेटा उचलून उजेडात धरल्या, नाक मुरडलं आणि परत ठेवल्या.

चष्मा बाहेर व्हरांड्यात चकरा मारत होता.

"तोंड का उतरलं होतं रे शनिवारी?"

"उतरणारच ना! सुट्टीत लॅबमध्ये एकालाच जागा मिळते. तिच्या प्लेटवर वर्तुळ, माझ्या प्लेटवर बुरशी."

"रविवारी आला होतास?"

"आलो होतो. बुरशी बघायला."

"आणखी कोण होतं?"

"मामा होते. मोठी तर काय, इथेच असते. तिला घर आहे की नाही देव जाणे."

"धाकटीच्या प्लेटला हात लावलास?"

तो चकरा मारायचा थांबला. मग म्हणाला, "बघितली. उघडली नाही, आईशप्पथ. जळायलाच गेलो होतो, जळून परत आलो."

"म्हणजे वर्तुळ होतं?"

"चांगलं रुपयाएवढं."

"मग हे सरांना का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही." त्याने नजर चुकवली. "आणि विचारलं असतं तरी... जागा एकच आहे मॅडम."

चौकशीबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चष्मा काढून पुसू लागला. "चार वाजता सांगशील. मी विचारते म्हणून सांगशील."

बाईंनी हे सरांना सांगितलं, पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. पोराच्या शब्दावर समिती चालत नाही, प्लेट हवी. बाईंना राग आला, पण रागवायचीही ताकद लागते. त्या मामांकडे गेल्या.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. मीडिया शिजवायचा, जुन्या प्लेटा वाफेच्या भांड्यात घालून मारायच्या आणि फेकायच्या, ही त्यांची कामं. भांडं भलामोठा कुकर असावा तसं फुसफुसत होतं.

"तुम्ही तर नाही ना फेकलीत, मामा?"

"मी? टाकायच्या ट्रेमध्ये असेल तेच मी फेकतो. रविवारी ट्रे कोरा होता. आता माझ्यावर आलं का सगळं?"

"तुमच्यावर काही नाही हो. धाकटी कशी आहे मुलगी?"

"चिक्कू."

"म्हणजे?"

"बाटलीभर मीडिया देतो मी प्रत्येकाला. बाकीचे त्यात दहा प्लेटा ओततात आणि वर आणखी मागतात. ही तेवढ्यात वीस ओतते आणि उरलेलं मला परत आणून देते! आता ते मी कुठे ठेवू, डोक्यावर?"

शेवटी राहिली मोठी. ती आपल्या टेबलाशी उभी होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस पेन्सिलीने गुंडाळलेले. चौकशीबाईंना बघताच तिने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. दिवसभरात त्यांना बसायला सांगणारी ती पहिलीच.

"दमलात ना? जिना फार आहे," ती म्हणाली.

"तू इथे किती वर्षं आहेस?"

"मोजायचं सोडून दिलंय."

"तुझंही काम असंच, वर्तुळाचं?"

"हो. पडत नाहीत." ती कसंनुसं हसली. "मातीचा डोंगर उपसला असेल मी. एकदाही नीट पडलं नाही."

"धाकटीचं पडलं होतं?"

मोठीने टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छच होतं. "पोर आहे ती. उत्साहात माणसाला काय काय दिसतं. मला तर शनिवारी फारसं काही दिसलं नव्हतं."

"मिठी मारलीस म्हणे."

"तिचा हिरमोड कशाला करायचा? एकटी असते हो इथे. मी सरांशी बोलेन, फार कडक होऊ नका म्हणून."

"बघू." चौकशीबाईंनी वादातली प्लेट पुढ्यात घेतली. "ही आता माझ्या ताब्यात. सही करून ठेवते." टेबलावरचा मार्कर उचलून त्यांनी टोपण काढलं आणि झाकणावर टेकवणार, तोच मोठीने हात पुढे केला.

"अहो, झाकणावर नको! बुडावर करा. झाकणाचा काय भरवसा, कुणाचं कुणावरही बसतं."

"असं होय? सगळ्यांना सांगतेस हे?"

"पहिला धडाच आहे तो. पहिल्या दिवशी—"

तिने वाक्य तिथेच सोडलं आणि नळ चालू केला. चौकशीबाईंनी प्लेट उलटी केली. बूड कोरं होतं. त्यांनी त्यावर निमूटपणे सही केली आणि थोडा वेळ प्लेटच्या कडेकडे बघत बसल्या.

मग त्या बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर टेकल्या. बुटांच्या नाड्या सैल केल्या. धाकटीला हाक मारली.

"अगं, मीडिया इतका पातळ का ओततेस तू?"

धाकटी गोंधळली. "पातळ? आमच्याकडे तेवढाच ओततात. तिकडच्या कॉलेजात पूड पुरायची नाही. जास्त ओतला की मॅडम हातावर पट्टी मारायच्या. आता हातच तसा बसलाय."

"आणि नाव झाकणावर?"

"तिकडे काचेच्या प्लेटा होत्या. धुऊन पुन्हा वापरायच्या. बुडातून जीवाणू बघायचे, म्हणून बुडावर काही लिहायचं नाही. झाकणावर चिठ्ठी लावायची." ती थांबली. "इथे तसं नाही करत का?"

"तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

चौकशीबाईंनी डोळे मिटले. त्यांना आता सगळं कळलं होतं आणि त्याचा जराही आनंद झाला नव्हता. त्या उठल्या आणि सरांकडे जाऊन म्हणाल्या, "तुम्ही प्लेटा जपून ठेवता ना, त्या थंड खोलीची किल्ली द्या. आणि समितीला सांगा, थोडं थांबा."

चारच्या सुमारास सर, मोठी, धाकटी, चष्मा आणि मामा प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाभोवती जमले. चौकशीबाई मोठीनेच दिलेल्या स्टुलावर बसल्या.

"मी उभं राहून बोलणार नाही, पाय दुखतात," त्या म्हणाल्या. "सर, ही वादातली प्लेट. झाकण धाकटीचं, अक्षर धाकटीचं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि ही तिच्याच राशीतली दुसरी. दोन्ही आडव्या धरून कडेने बघा. वरून नाही, कडेने."

सरांनी प्लेटा डोळ्यांसमोर धरल्या. त्यांचं तोंड उघडं राहिलं. एकीतला थर नखाएवढा पातळ होता, दुसरीतला त्याच्या दुप्पट जाड.

"मामांनी मला मघाशीच सांगितलं, धाकटी चिक्कू आहे. एका बाटलीत सगळ्यांच्या दुप्पट प्लेटा ओतते. म्हणजे तिचा प्रत्येक थर पातळ. तिच्या राशीतल्या सगळ्या प्लेटा तशाच आहेत. एवढी एकच जाड. झाकण तिचं आहे सर, प्लेट तिची नाही. कोणीतरी तिचं झाकण काढून दुसऱ्याच प्लेटवर बसवलं."

"तरीच!" मामा म्हणाले.

"पण असं करता येतं ते फक्त धाकटीच्या बाबतीत," बाई पुढे बोलल्या. "बाकी सगळे बुडावर लिहितात. त्यांची झाकणं बदलली तरी नाव जागेवर राहतं. धाकटी झाकणावर लिहिते. तिच्या मूळ प्लेटचं बूड कोरं. त्यावर कोणीही आपलं नाव घालावं."

चष्मा घाईघाईने म्हणाला, "मी नाही हं!"

"तू नाहीस. तुला झाकण बदलायचं असतं, तर वर्तुळ रविवारी शाबूत होतं हे तू मला कशाला सांगितलं असतंस? गप्प बसला असतास, जसा सकाळपासून बसला होतास." चष्म्याने मान खाली घातली. "मामांना वर्तुळाचं लोणचं घालायचंय का? नाही. हवं होतं ते कोणाला, ज्याला स्वतःच्या नावावर वर्तुळ दाखवायचं होतं त्याला. आणि तुमच्या नियमामुळे फोटो चालणार नव्हता, मूळ प्लेटच लागणार होती. म्हणजे ती फेकलेली नसणार. कुठेतरी जपून ठेवलेली असणार."

त्यांनी रुमालात गुंडाळलेली प्लेट काढून टेबलावर ठेवली. पातळ थर, मधोमध स्वच्छ वर्तुळ. बुडावर मार्करने एक खूण होती.

"थंड खोलीत जाड थरांच्या राशीत ही एकच पातळ होती. खूण कोणाची, सर?"

सरांनी मोठीकडे बघितलं. धाकटीही बघत होती.

"ताई?"

"मला खूण बघायच्या आधीच कळलं होतं," चौकशीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "मी झाकणावर सही करायला गेले, तर हिने माझा हात धरायचाच बाकी ठेवला. माझ्यासारख्या परक्या बाईला, ज्या बाईच्या सहीशी हिला काही देणंघेणं नाही, तिलाही हिने चुकू दिलं नाही. इतकं ते अंगात मुरलंय. मग जिला हिने पहिल्या दिवसापासून शिकवलं, ती महिनोन्‌महिने झाकणावर लिहिते, आणि हिच्या डोळ्याला ते दिसत नाही?"

मोठीने केसांतली पेन्सिल काढली, हातात धरली. रडली नाही. तेवढंही तिच्यात उरलं नव्हतं.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं," ती म्हणाली. "खरंच सांगणार होते. पण त्या दिवशी समितीने मला झापलं होतं. फार दमले होते. म्हटलं, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशीही उद्या. मनात काही नव्हतं गं माझ्या. शनिवारी तुझं वर्तुळ पाहिलं तेव्हासुद्धा मला आनंदच झाला. मिठी खरी होती."

"मग?"

"मग रविवारी एकटी बसले होते. मनात आलं, हिच्यापुढे सगळी वर्षं पडलीयत, हिला पुन्हा सापडेल. माझ्याकडे एक दिवस होता. आणि बूड कोरं होतं." ती थांबली. "हिला घरी पाठवतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असेल. मी बघितलं नाही तिकडे."

सर मघापासून दोन्ही प्लेटा पुन्हा पुन्हा कडेने बघत होते. आता त्यांनी त्या खाली ठेवल्या आणि कपाळाला हात लावला.

"अरेरे. अगं, थर पातळ होता म्हणून हे वर्तुळ एवढं मोठं पडलं. जाड थरात जीवाणूचं औषध खालीही मुरतं, वर्तुळ लहान पडतं, पुसट होतं. तू इतकी वर्षं जाड ओतत राहिलीस. तुझीही पडली असतील, दिसली नसतील. आणि मी एकदाही येऊन बघितलं नाही."

मोठीने त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या राशीकडे.

"मला विचारायचंस ना, ताई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "पातळ कसं ओतायचं ते मी सांगितलं असतं. त्यात काय लपवायचं होतं? तुला तर मी सगळं सांगत होते."

मोठीने मान हलवली.

समितीला फार वेळ लागला नाही. धाकटीचं पत्र कायम राहिलं, सुट्टीतली जागाही तिलाच मिळाली. चष्म्याने न विचारताच उभं राहून रविवारचं सांगितलं. मोठीचं पत्र काढून घेतलं. सर तिच्या बाजूने दोन वाक्यं बोलले, पण त्यांचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही.

चौकशीबाई जिना उतरत होत्या तेव्हा मागून धाकटी आली. अजून त्याच मोठ्या बाह्यांत.

"मॅडम, ताईला जावंच लागेल?"

"हो गं."

"तिला इथे कुणी नाही. सामान बांधायला मी जाऊ का? म्हणजे, गेलेलं चालेल?"

"तुला राग नाही आला?"

"आलाय ना! खूप आलाय." तिने डोळे पुसले. "पण ती एकटी कसं बांधणार?"

"जा," बाई म्हणाल्या. धाकटी धावत वर गेली.

चौकशीबाई त्याच पायरीवर बसल्या. बूट काढले. मग फोन काढून मुलीला लावला.

"आई? आज सोमवार आहे. काय झालं?"

"काही नाही. तू कशी आहेस?"

"सगळं छान आहे."

"बरं. आता खरं सांग. दमलीस का गं?"

पलीकडून मुलीने नाक ओढल्याचा आवाज आला.

"हो, आई. खूप."

"मग सांग," चौकशीबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. "मला आज कुठे जायचं नाहीये."